एक सुई कमी

वहिनीनं एखाद्यावर डूख धरला की धरला. शेजारणीनं एकदा तिची कात्री नेली आणि धार घालवून परत आणली. तेव्हापासून वहिनी त्या बाईशी हसून बोलायची, तिला चहा पाजायची, पण कात्री मात्र पुन्हा कधी तिच्या हातात पडू दिली नाही. "विसर की आता," असं नवऱ्यानं म्हटलं तर म्हणायची, "विसरायला माझं डोकं म्हणजे काय चाळण आहे?"

तिला वहिनी सगळेच म्हणायचे. ती कामाला होती गाद्यांच्या कारखान्यात, आणि कारखाना होता तिच्या नणंदेचा. मालकीणबाईंच्या भावाची बायको ती साऱ्या कामगारांची वहिनी झाली, आणि त्याच न्यायानं तिचा नवरा सगळ्यांचा मामा. मामा कारखान्याचा ट्रक चालवायचा. माणूस इतका सरळ की त्याला मामा बनवायला कुणाला कष्ट पडायचे नाहीत. दोघं नात्यानं घरचे आणि कामानं नोकर, म्हणजे घरच्यांचा हक्क नाही आणि नोकरांची सुट्टी नाही, असला प्रकार. वन्सं दोघांनाही सांगायच्या, "आपल्याच घरचं काम आहे, त्यात सुट्टी कसली मागायची?" हे त्या इतक्या गोड आवाजात म्हणायच्या की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी.

वहिनीचं काम गादीचं तोंड बंद करण्याचं. स्प्रिंगा बसल्या, वर फोमचे थर आले, खोळ चढली, मशीननं तीन बाजू शिवल्या, की उरलेली शेवटची कड आणि कोपरे हातानंच शिवावे लागतात. त्याला वाकडी सुई लागते, बोटाएवढी लांब, आकड्यासारखी. ती चालवताना वहिनीचं मनगट असं फिरायचं की नव्या बायका काम सोडून बघत बसायच्या. तिनं बंद केलेली कड हात फिरवून शोधली तरी सापडत नसे.

या सुयांचा कारखान्यात एक कडक नियम होता. वन्संच्या केबिनजवळ भिंतीवर सुयांची पाटी टांगलेली असायची, प्रत्येक सुईची तिच्यावर ठरलेली जागा. संध्याकाळी सगळ्या सुया पाटीवर आल्या, वन्संनी स्वतः हात लावून बघितल्या, मगच दार उघडायचं. एक जरी कमी भरली तरी कुणी घरी जायचं नाही. सापडलीच नाही तर त्या दिवशी बंद झालेली प्रत्येक गादी उसवायची. फार पूर्वी, वन्संचे यजमान असताना, एका गिऱ्हाइकाच्या पाठीत सुई गेली होती आणि कारखान्याला टाळं लागायची वेळ आली होती. तेव्हापासूनचा हा नियम. लोहचुंबक फिरवूनही उपयोग नसतो, कारण आत स्प्रिंगाच स्प्रिंगा. चुंबक कुठेही टेकवा, चिकटतोच.

दुसरा नियम फोनचा. कामावर फोन जवळ ठेवायचा नाही, केबिनमधल्या खणात जमा करायचा. आणि वहिनीच्या डुखाची गोष्ट या खणापासून सुरू होते.

दीड वर्षापूर्वी वहिनीची आई आजारी होती, चार-पाच तासांच्या वाटेवर, भावाकडे. एका सकाळी वहिनी टेबलाशी बसून कडा शिवत होती, दारात ट्रक उभा होता, माल त्याच दिवशी जायचा होता. संध्याकाळी ट्रक गेल्यावर वन्संनी तिला केबिनमध्ये बोलावून खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या भावाचा फोन होता. आत्ताच आला. आईचं जास्त आहे म्हणाला. नीघ तू." वहिनी पोचली तेव्हा आई गेलेली होती. भाऊ तिच्याकडे बघेना. शेवटी म्हणाला, "सकाळपासून तुझं नाव घेत होती. मी सकाळीच सांगितलं होतं ना तुझ्या नणंदेला?"

वहिनीनं ही गोष्ट मामाला सांगितली. एकदा सांगितली, रडून सांगितली, ओरडून सांगितली. पालथ्या घड्यावर पाणी. "ताई असं करणार नाही," मामा म्हणायचा. "तुझ्या भावाचा गोंधळ झाला असेल. माणूस त्या वेळी भानावर असतो का?" यावर वहिनी बोलायची थांबली. बोलायची थांबली म्हणजे विसरली, असं मामाला वाटलं, आणि तिथेच त्याचं गणित चुकलं. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. वन्संनी आपल्या तोंडानं खरं सांगावं, आणि ते मामानं आपल्या कानानं ऐकावं. आणि त्याआधी वन्संनी थोडं तळमळावं. थोडं म्हणजे चांगलंच.

आता मामाचं स्वप्न वेगळं होतं. ट्रक ड्रायव्हर आयुष्यभर रस्त्यावर असतो, पण त्याला जायचं असतं दुसऱ्याच्या गोदामापर्यंत, आणि तिथून रिकामा ट्रक घेऊन परत. एकदा तरी अशा रस्त्याला लागावं की जिथून परत फिरायचंच नाही, असं मामा लग्न झाल्यापासून म्हणत होता. वहिनी म्हणायची, "आणि खायचं काय? हवा?" पण आई गेल्यावर वर्षभरानं एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, "चला. नोकरी सोडू आणि निघू."

मामाला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. त्यानं एक जुनी व्हॅन आणली, सुट्टीच्या दिवशी तिच्यात फळ्या ठोकून पलंग केला, चुलीची जागा केली, पाण्याचा डबा बांधला. वहिनीनं खिडक्यांना पडदे शिवले आणि पलंगासाठी मापाची गादी केली. निघायचा दिवस मात्र तिनंच ठरवला. एका नव्या हॉटेलच्या गाद्यांची मोठी ऑर्डर आली होती. ती पूर्ण झाली की कारखान्याला आठ दिवस सुट्टी, सगळे कामगार आपापल्या गावी, आणि सुट्टी संपता संपता माल हॉटेलात पोचता करायचा. वहिनी म्हणाली, "ऑर्डर पुरी करूनच जाऊ, उगीच वन्संना अडचण नको." मामाचे डोळे पाणावले. बायकोचं मन किती मोठं, असं त्याला वाटलं.

वन्संना सांगायला दोघं केबिनमध्ये गेली तेव्हा त्या आधी हसल्याच. "नोकरी सोडून फिरायला? या वयात? अरे, कुठेही गेलास तरी पळसाला पानं तीनच." मग वहिनीकडे वळून म्हणाल्या, "तू तरी समजवायचं याला."

"मीच म्हटलं, वन्सं," वहिनी म्हणाली. "तुमच्या भावाची हौस आहे. होऊ दे एकदाची."

शेवटच्या दिवशी वहिनी जेवायलाही उठली नाही. हॉटेलच्या गाद्यांची तोंडं एकामागून एक बंद करत गेली. तेव्हा तिच्या मनात काय होतं हे सांगायचं तर आई होती. प्रत्येक कड ओढून घट्ट करताना ती मनात म्हणत होती, ही उसवायला जड जाईल, आणि ही त्याहून जड. काम संपल्यावर तिनं बाकीच्या सुया पाटीवर नेऊन लावल्या आणि एक आपल्या ओढणीच्या टोकात टोचून गाठ मारली. निरोपाच्या गडबडीत वन्सं सुया मोजणार नाहीत, असा तिचा अंदाज होता.

दारापाशी एवढी वर्षं चालत आलेला नियम त्या संध्याकाळी वन्संनी स्वतःच मोडला. भावाला निरोप देताना त्यांना खरोखर भरून आलं होतं. कामगार सुट्टीच्या गडबडीत, कुणाची गाडी सुटायची होती. कुणीतरी म्हणालं, "सुया मोजायच्यात ना?" वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "मी बघते मागनं. जा, जा सगळे. आणि आता घरच्या माणसांना काय मोजत बसू?" दार उघडलं. व्हॅन फाटकातून बाहेर पडली तेव्हा वन्सं हात हलवत होत्या, आणि वहिनीही.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. व्हॅन तेव्हा डोंगरातल्या एका वळणावर उभी होती, खाली तळं, मामा दगडावर बसून चहा पीत होता. तो फोनवर बोलला आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई म्हणते, एक सुई कमी आहे."

"अगंबाई," वहिनी म्हणाली. "शोधा म्हणावं."

"शोधलं. सगळा कारखाना झाडून काढला. चुकून तुझ्या सामानात वगैरे आली नाही ना, विचारतेय."

वहिनीनं पिशवी उपडी केली. कपडे झटकले, डबे उघडून दाखवले. ओढणी तिच्या गळ्यातच होती. "नाही हो," ती म्हणाली. मग फोन स्वतःच्या हातात घेऊन तिनं विचारलं, "वन्सं, मोजल्याशिवाय दार कसं काय उघडलं?" पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही, आणि ती शांतता वहिनीला त्या तळ्याहून सुंदर वाटली. रात्रभर तिला गाढ झोप लागली, दीड वर्षात लागली नव्हती अशी.

पुढचे दोन दिवस तिच्या आयुष्यातले सुखाचे. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना उंच झाडं, मामा गाडी चालवता चालवता शीळ घालायचा. मध्येच फोन वाजायचा आणि शीळ थांबायची. वन्संनी उसवायला सुरुवात केली होती. कामगार गावी गेलेले, ज्यांना फोन लागला ते यायला तयार नाहीत. हॉटेलवाल्याला सांगायची सोय नाही, कारण सुई हरवली हे एकदा बाहेर कळलं की कारखान्याची गादी पुन्हा कुणी घेणार नाही. न उसवता माल पाठवायची त्यांची छाती होत नव्हती. म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. साठीची बाई, गुडघे दुखणारी, एकटी जमिनीवर बसून टाके तोडत होती. वहिनी हे सगळं पुन्हापुन्हा विचारून घ्यायची. "बोटांना काही लागलं का हो त्यांच्या? ब्लेडनं उसवतायत की कात्रीनं? बसायला पाट तरी घेतलाय का?" मामाला वाटायचं, केवढी काळजी.

एका संध्याकाळी पेट्रोल भरून झाल्यावर मामानं गाडी सुरू केली नाही. हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसला.

"परत जाऊ या," तो म्हणाला. "ताई एकटी उसवतेय. मला नाही असं फिरवत."

वहिनीनं ओढणीचं टोक मुठीत घेतलं. गाठ सोडून सुई त्याच्या हातावर ठेवली असती तर गाडी पुढे गेली असती. तिला हे नीट कळत होतं. मामाचा उतरलेला चेहराही दिसत होता, आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगा. पण मग तिच्या मनात आलं, आपण अजून वन्संना उसवताना पाहिलंच कुठे? ऐकीव सुखावर किती दिवस काढायचे?

"चला," ती म्हणाली. "माझ्याच हातची शिवण आहे. मलाही उसवायला आलं पाहिजे."

कारखान्याचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकायला जागा नव्हती. उसवलेल्या खोळी, फोमचे थर, उघड्या पडलेल्या स्प्रिंगा, आणि मधोमध वन्सं. केस विस्कटलेले, दोन बोटांना पट्ट्या, चष्मा नाकावर घसरलेला. वहिनी दारात उभी राहून बघत राहिली. मनातल्या मनात किती वेळा तिनं हे चित्र पाहिलं होतं, आणि खरं चित्र त्याहून चांगलं निघालं. सावकाश डोळे भरून पाहून झाल्यावर तिनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली आणि ब्लेड घेऊन बसली.

मामा न उसवलेल्या गाद्या ओढून आणायचा, या दोघी उसवायच्या. वहिनीच्या कडा खरंच जड होत्या. वन्सं एकेका टाक्याशी झगडत होत्या. शेवटी त्यांनी ब्लेड खाली आपटलं.

"तोंडं तूच बंद केलीस ना सगळी? मग सुई तुझ्याच हातून राहिली असणार. लक्ष कुठे होतं तुझं? फिरायला जायचे डोहाळे लागले होते!"

"राहिली असेल," वहिनी शांतपणे म्हणाली. "माणसाच्या हातून राहतं, वन्सं. तुमच्या हातून नाही का माझा निरोप राहिला होता?"

"राहिला नव्हता!" वन्सं ताडकन म्हणाल्या. दिवसाचे दिवस त्या झोपल्या नव्हत्या, आणि कुणी आपल्याला वेंधळं म्हणावं हे त्यांना जन्मात सहन झालं नव्हतं. "मी काही विसरत नाही. ठेवला होता निरोप. सकाळीच आला होता फोन. ट्रक दारात उभा, तू उठून गेली असतीस तर तोंडं कुणी बंद करायची होती? मी? मला काय स्वप्न पडलं होतं का, म्हातारी दुपारीच जाईल म्हणून?"

मामा गादी ओढत होता. ती त्याच्या हातातून सुटून खाली पडली.

"ताई," तो म्हणाला, "तू मला म्हणाली होतीस फोन संध्याकाळी आला."

"म्हणाले होते."

"दीड वर्ष मी हिला खोटं ठरवत होतो."

"मग आता काय करू? उठून नाचू?" वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा ब्लेड उचललं. पण टाका सापडत नव्हता, आणि त्यांनी मान काही वर केली नाही.

मामा बाहेर गेला. वहिनी त्याच्या मागे गेली. तो व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. ती शेजारी बसली तेव्हा म्हणाला, "तू खरं सांगत होतीस." एवढंच. या तीन-चार शब्दांसाठी वहिनी दीड वर्ष थांबली होती, आणि ते ऐकल्यावर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आता तो सगळा तिचा होता, बहिणीचा राहिला नव्हता. अशा माणसापासून काय लपवायचं? तिनं हसत-रडत ओढणीची गाठ सोडली आणि सुई त्याच्या पुढ्यात धरली.

मामा तिच्याकडे बघत राहिला. त्याला सगळं समजायला वेळ लागला. समजत गेलं तसतसा त्याचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे निघतानाच होती तुझ्याकडे."

"हो."

"दिवसही त्यासाठीच ठरवलास."

"हो."

"मी समजत होतो, माझी हौस म्हणून निघालीस."

वहिनीनं ओढणीनं डोळे पुसले. म्हणाली, "आता तुमच्यासाठी चला. आत्ता या क्षणी निघू. हवं तिकडे."

"आधी सुई देऊन ये तिला. मग निघू. खोटं नाही बोलत, लगेच निघू."

सोपं होतं. आत जायचं, पाटीवर सुई लावायची, एक शब्दही न बोलता परत यायचं. उरलेल्या गाद्या वाचल्या असत्या, पुढचा रस्ता मिळाला असता. वहिनीनं कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. तिची आई सकाळपासून दुपारपर्यंत तिचं नाव घेत होती. त्या वेळात ही बाई आत केबिनमध्ये बसून होती, चहासुद्धा प्यायली असेल, आणि दहा पावलांवर वहिनी मान खाली घालून तिच्या गाद्या शिवत होती. कबूल केलं बाईनं, पण त्यात चूक झाली हा शब्द कुठेच नव्हता.

"नाही देणार," वहिनी म्हणाली.

"मग मी देतो. आण."

तिनं मूठ मिटली. सुईचं टोक तळहातात घुसलं तरी मिटूनच ठेवली. "शेवटची गादी उसवेपर्यंत नाही. आणि तुम्ही तिला सांगितलंत, तर आपलं संपलं म्हणून समजा."

मामा तिच्या मुठीकडे थोडा वेळ बघत बसला. मग किल्ली तशीच गाडीला ठेवून खाली उतरला. तो आत जाऊन आता सांगणार, असं वाटून वहिनी काच खाली करून कान देऊन बसली. पण आत बोलण्याचा आवाज आला नाही. मामा बहिणीसमोर जमिनीवर बसला, वहिनीचं ब्लेड उचललं, एक गादी पुढ्यात ओढली आणि मान खाली घालून उसवायला लागला. पहिला टाका तुटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. थर उचलून, हात आत घालून, जिच्यात सुई नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं ती गादी तो कोपऱ्याकोपऱ्यातून नीट चाचपून बघत होता. मग ती बाजूला सारून त्यानं दुसरी घेतली.

वहिनीनं काच वर केली.